पूल असेपर्यंत

नगराध्यक्षांना लिहिता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आपल्याला फार छान लिहिता येतं असं त्यांना वाटायचं, घोळ तिथे होता. निदान नुबिया एस्नेदाचं मत तसं होतं, आणि ते ती भर बाजारात, गिऱ्हाइकाच्या ताटलीत डुकराची कुरकुरीत कातडी मोडून घालता घालता, आवाज न उतरवता सांगायची.

झालं ते असं. जूनच्या अखेरीला सान पेद्रोचा सण येतो. सण कुठल्याही वारी पडो, आमच्याकडे सुट्टी ढकलत सोमवारी नेतात आणि शनिवार-रविवारला चिकटवतात. त्या सलग सुट्टीला सगळा देश 'पूल' म्हणतो. या पुलाला कुठे जाणार, असं लोक एकमेकांना विचारतात, आणि त्या विचारण्याचा नदीशी काडीचा संबंध नसतो. पण पुएर्तो ओल्मेदोला खराखुरा पूलही आहे, माग्दालेना नदीवरचा, लोखंडी. या काठाला भट्ट्या, खाटीकखाना आणि गरिबांची घरं. त्या काठाला चर्च, बाजार, नगरपालिका आणि ज्यांना डुक्कर खायला हवं पण भाजतानाचा वास नको अशी माणसं. दोन्ही काठांना जोडणारा पूल तो एकच. दुसरा गाठायचा तर अर्धा दिवस नदीकाठाने गाडी हाकावी लागते.

त्या वर्षी नगराध्यक्ष एलिओदोरो बाकेरो यांच्या मनात आलं की सणाच्या सुंदऱ्यांची मिरवणूक पुलावरून काढावी. खाली नदी, वर सुंदऱ्या, मध्ये आपण. तेवढ्यापुरती वाहनं बंद ठेवायची होती. सोमवारपर्यंत बंद, एवढं लिहिलं असतं तर काम भागलं असतं. पण साधं लिहिलं तर ते बाकेरो कसले. त्यांनी स्वतः बसून मजकूर रचला आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे फलक ठोकले गेले. वर त्यांचा हसरा फोटो, खाली हुकूम: 'पूल असेपर्यंत कोणत्याही वाहनास येथे प्रवेश नाही.'

सुट्टी चालू होती तोवर याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळत होता. मंगळवार उजाडला आणि तो कुणालाच कळेनासा झाला.

त्याचं कारण म्हणजे हवालदार कुएय्यार. मैदानी मुलखातून नवीनच बदलून आलेला, इस्त्रीचा, प्रामाणिक. आमच्या गावाला प्रामाणिक पोलीस मिळाला तोही अशा वेळी. त्याने फलक वाचला, पुलाकडे पाहिलं, आणि पूल अजून आहे हे त्याला दिसलं. वरिष्ठांना विचारावं तर वरिष्ठ सणाला गावी गेलेले. नगरपालिकेला विचारावं तर तिथे कुलूप, कारण सण झाला की सणाचा शीण उतरायला आठवडा लागतो. तेव्हा तो पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि ट्रक, टॅक्सी, मोटारसायकली माघारी पाठवू लागला.

नुबियाची गाठ त्याच्याशी रविवारी पडली. ती लेचोनावाली. आख्खं डुक्कर आतून कोरायचं, त्याच्या पोटात त्याचंच मांस, मटार आणि कांदा ठासून भरायचं, पोट शिवायचं आणि मातीच्या भट्टीत रात्रभर भाजायचं. भात घालायचा नाही. भात राजधानीतले लोक घालतात, आणि एक ती आरासेली, नगराध्यक्षांच्या मुलाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. नुबियाचा बाजारातला कोपरा चर्चच्या पायऱ्यांसमोरचा. तिच्या आईने तो धक्के खाऊन मिळवला होता आणि मरताना दुसरं काही मागे ठेवलं नव्हतं. प्रार्थना संपवून लोक बाहेर पडले की पहिल्यांदा नाकाशी येणार तो नुबियाच्या लेचोनाचा वास. बाजाराचा नियम एवढाच की कोपरा महिनाभर रिकामा राहिला तर नगरपालिका तो दुसऱ्याला देते.

त्या सकाळी तिचा धाकटा भाऊ मिसाएल गाडी चालवत होता. मागे पत्र्याच्या लांब डब्यात डुक्कर, वर पांढरं कापड.

"गाडी मागे घ्या, बाई," कुएय्यार म्हणाला.

"सुट्टी संपली की, साहेब."

"सुट्टीचं मला काय सांगता? पूल आहे ना अजून?" त्याने बुटाच्या टाचेने लोखंडावर ठोकून दाखवलं. "हा काय, आहे."

नुबियाने त्याला आधी समजावून पाहिलं, मग त्याच्या आईची चौकशी केली, मग त्याच्या आजीची. तो लाल झाला पण हलला नाही. मिसाएल म्हणाला, ताई, हा माणूस खुळा नाहीये, हा वाचतो, आणि त्यावर काही इलाज नसतो.

मग हातगाडी आणली. हातगाडीला चाकं होती, आणि चाकं असलेलं ते वाहन, असं कुएय्यारने ठरवलं. तेवढ्यात एक बाई बाळाला ढकलगाडीतून घेऊन आली. नुबियाने बोट दाखवलं, आणि हे काय, असं विचारलं. हवालदाराला घाम फुटला. त्याने बराच वेळ विचार केला आणि बाळ कडेवर घ्यायला लावून ढकलगाडी परत पाठवली. त्या आईने नुबियाकडे जे पाहिलं ते पाहण्यासारखं होतं.

शेवटी मिसाएल आणि तीन चुलतभाऊ यांनी डबा खांद्यावर घेतला. लांब डबा, पांढरं कापड, चौघं खांदेकरी, मागून काळ्या कपड्यांतली बाई. समोरून येणारे लोक टोप्या काढून कडेला झाले, म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. एका माणसाने हळूच विचारलं, कोण गेलं. मिसाएलने वळून न पाहता सांगितलं, "डुक्कर." त्या माणसाने तरीही टोपी घातली नाही.

कुणी म्हणेल, तुकडे करून बादल्यांतून न्यायचं. बादलीतली लेचोना आमच्या गावात कुणी तोंडात घालत नाही. डोकं समोर दिसलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं कालची आहे. पुढच्या रविवारी चौघांनी पुन्हा खांदा दिला, पण पुलाच्या मध्यावर एकाचा पाय घसरला. डबा आडवा झाला, डुक्कर फुटलं, मटार लोखंडी पट्ट्यांच्या फटींतून नदीत गेले आणि उरलेलं दोन्ही काठांच्या कुत्र्यांनी बघितलं. मिसाएलची कंबर धरली ती धरलीच. चुलतभावांना अचानक शेतात कामं निघाली. त्यानंतर कोपरा रिकामा पडू लागला.

इकडे नगरपालिका उघडली होती, आणि चूक एका वाक्यात मिटली असती. पण त्याआधी राजधानीच्या एका वर्तमानपत्राने फोटो छापला. रिकामा पूल, मावळता सूर्य, हातात हात घालून चालणारं एक म्हातारं जोडपं. खरं तर ते जोडपं टॅक्सी मिळत नाही म्हणून भांडत घरी चाललं होतं. खाली लिहिलं होतं की एका लहानशा गावाने धूर आणि गोंगाट हद्दपार केला, मोठ्या शहरांनी धडा घ्यावा. बाकेरोंनी ते वाचलं आणि आपण द्रष्टे आहोत हे त्यांना त्या सकाळी नाश्त्याला समजलं. मग कुठूनसे गोरे पाहुणे आले, पुलाचं कौतुक करायला, सायकली घेऊन. कुएय्यारने त्यांना अडवलं. सायकलींना चाकं होती. पाहुणे सायकली खांद्यावर घेऊन चालले आणि इतकी शिस्त आपण कुठेच पाहिली नाही असं लिहून गेले.

नुबियाने चांगले कपडे घातले आणि ती नदीपलीकडे नगरपालिकेत गेली. कारभार बघतात ते डॉक्टर लोसानो. टाय लावणाऱ्या प्रत्येकाला आम्ही डॉक्टर म्हणतो, आणि मान द्यायचा तर बाईला दोन्या. लोसानोंनी जन्मात कुणाची नाडी धरली नव्हती. त्यांनी तिला बसायला सांगितलं, कॉफी मागवली, तिच्या आईच्या लेचोनाची आठवण काढली. म्हणजे काम होणार नाही हे तिला कॉफी येण्याआधीच कळलं.

ती म्हणाली, फलकावरचा एक शब्द बदला, दुसरं काही नको.

"दोन्या नुबिया, शब्द बदलला की आधीचा चुकला होता असं होतं."

"चुकलाच होता."

"नगराध्यक्ष चुकत नाहीत. लोकांना उशिरा कळतं, ती गोष्ट वेगळी." लोसानोंनी साखर ढवळली. "आणि हुकूम स्पष्ट आहे. पूल असेपर्यंत. अभियंत्यांना विचारलं मी. म्हणाले, रंग देत राहिलात तर नातवंडांच्या नातवंडांपर्यंत उभा राहील."

"म्हणजे तोवर मी डुक्कर खांद्यावर घेऊन फिरू?"

"कायदा डुकराबद्दल काहीच म्हणत नाही हो. चाकांबद्दल म्हणतो."

तिने विचारलं, मग कोपऱ्याचं काय. त्यावर लोसानोंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि नियम सगळ्यांना सारखे असतात असं सांगितलं. आरासेलीचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. नुबिया उठली, कॉफी तशीच ठेवली. जिना उतरताना तिला एवढंच वाटत होतं की आईने हा कोपरा मिळवताना एका शिपायाच्या डोक्यात पळी घातली होती आणि तेवढ्यावर भागलं होतं. आता डोकं दिसत नाही, फक्त टाय दिसतात.

मग आली ती बातमी. प्रांताचे गव्हर्नर स्वतः येणार, वाहनमुक्त पुलाबद्दल गावाला मानपत्र द्यायला. रविवारी, प्रार्थना सुटायच्या वेळी, चर्चसमोरच्या चौकात. गावात आनंदीआनंद. आणि मग गव्हर्नरांच्या कार्यालयातून निरोप आला की साहेबांचा गुडघा दुखतो, ते चालणार नाहीत. ताफा राजधानीच्या रस्त्याने येईल, म्हणजे नुबियाच्या काठाने, आणि पुलावरून थेट चौकात जाईल.

वाहनमुक्त पुलाचं मानपत्र गाडीत बसून पुलावरून येणार होतं. बंदी उठवावी तर मानपत्र कशाचं घ्यायचं, आणि ठेवावी तर गव्हर्नर अलीकडेच अडकून पडणार. बाकेरो दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. नुबियाचा यावर विश्वास नव्हता.

मार्ग लोसानोंनी काढला, आणि त्या माणसाला हुशार म्हणावंच लागेल. बंदी पूल असेपर्यंत आहे ना? मग पूल नसला की झालं. पाडायची गरज नाही. शनिवारी सकाळी सभा भरली आणि एकमताने ठराव झाला की नदीवरील सदर लोखंडी बांधकाम हे आजपासून पूल नसून रस्ता आहे. नाव, नगराध्यक्षांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, दोन्या प्रेसेन्तासिओन मार्ग. कुणी चुकलं नाही, काही मागे घेतलं नाही, बंदी आपोआप गळून पडली. खाली नदी वाहत होती. तिला कुणी विचारलं नाही. संध्याकाळी नवे फलक लागले, रंग ओला होता. रेडिओवर दर तासाला सांगत होते.

नुबियाने ते ऐकलं आणि भट्टी पेटवली.

रविवारी सकाळी मिसाएल कंबरेला पट्टा बांधून गाडीत बसला. कुएय्यार नव्या फलकासमोर उभा होता. त्याने तो दोनदा वाचल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "रस्ता आहे," तो म्हणाला, स्वतःलाच समजावत असल्यासारखा, आणि बाजूला झाला. गाडी पलीकडे गेली, बाजारात शिरली, कोपऱ्यावर आली.

कोपऱ्यावर आरासेली होती. नवी छत्री, नवं टेबल, आणि टेबलावर तिचं भाताने फुगवलेलं डुक्कर. महिना भरताच, शुक्रवारी, कोपरा तिला मिळाला होता.

"उशीर केलास गं," आरासेली म्हणाली, तिच्या सुरात वाईटपणा नव्हता, फक्त निवांतपणा होता. "रिकामा पडला होता. कुणीतरी बसायला हवंच ना?"

नुबिया गाडीतून उतरलीच नाही. ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. चर्चमध्ये गाणं चालू होतं. मिसाएल घाबरला, कारण ती शिव्या देत नव्हती. ती म्हणाली, "वळव."

"घरी?"

"वळव म्हणते ना."

गाडी परत निघाली. नदीच्या मधोमध आल्यावर तिने थांबवायला सांगितलं. ती उतरली, मागचं फळकं पाडलं, डब्यावरचं कापड काढलं, डुकराचं डोकं चर्चकडे वळवलं आणि ताटल्या मांडल्या. आमच्या गावात रविवारी रस्त्यावर कुणीही ठेला लावू शकतं, हा जुना नियम. पुलावर लावायला मनाई आहे. हे तिने ठरवून केलं की रागाच्या भरात, यावर गावात अजून दोन तट आहेत.

कुएय्यार धावत आला. "बाई, पुलावर ठेला चालत नाही."

"पूल कुठाय?"

तो वळला. फलकाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, पुन्हा फलकाकडे पाहिलं. नगरपालिकेत रविवारी कुणी नसतं. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं आणि विचारलं की एक ताटली केवढ्याला.

हवालदार खातोय म्हटल्यावर बाकीच्यांना काय हवं. मक्याच्या भाकऱ्या भाजणारी आली, उसाचा रस आला, मोजे विकणारा आला, ज्याला महिनाभर टॅक्सी चालवता आली नव्हती तो टॅक्सीवाला दोन खुर्च्या टाकून लोकांचे केस कापू लागला. वर वारा छान लागत होता. दोन्ही काठांची माणसं मध्ये येऊन भेटत होती आणि बाजारात शुकशुकाट. प्रार्थना सुटली तेव्हा पायऱ्यांवर उभं राहून लोकांनी आरासेलीच्या भाताकडे पाहिलं आणि मग वास जिकडून येत होता तिकडे निघाले.

आणि मग आला गव्हर्नरांचा ताफा. काळ्या गाड्या, पुढे भोंगा. पहिली गाडी मोज्यांच्या ढिगापाशी थांबली. भोंगा वाजत राहिला. रांगेतल्या एका म्हातारीने ड्रायव्हरला सांगितलं की बाळा, सगळ्यांनाच घाई आहे.

पलीकडून लोसानो आले, धावत, टाय पाठीवर. त्यांनी आधी आवाज चढवला. नुबिया कातडी मोडत होती. मग ते कायद्याबद्दल बोलले. तिने विचारलं, कुठला कायदा, रस्त्याचा की पुलाचा, एकदा काय ते ठरवा. रांगेत हशा पिकला. लोसानोंनी मागे पाहिलं. चौकात बाकेरो फीत आणि बँड घेऊन उभे होते, लांबून बोटाएवढे. तेव्हा लोसानो जवळ आले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"मोठ्याने बोला, डॉक्टर. भोंग्यात ऐकू येत नाही."

"कोपरा तुमचा." त्यांनी ताफ्याकडे पाहिलं. "कोपरा परत तुमचा, दोन्या नुबिया. गाडी काढा."

"आधी आरासेली उठू दे. मला इथून दिसत नाही, कुणाला तरी पाठवा."

त्यांनी कुएय्यारला पाठवलं. तो पळत गेला आणि पळत आला, धापा टाकत.

"उठली?"

"उठली. मला शिव्या देत उठली."

"मग खरं आहे," नुबिया म्हणाली, आणि पुढची ताटली भरली.

लोसानोंनी गाडीकडे हात केला. तिने रांगेकडे केला. एवढी माणसं उन्हात उभी आहेत, त्यांना उपाशी टाकून जाऊ का, असं तिने विचारलं, आणि भावाची कंबर गेलीय, एक हात कमी पडतोय, तुम्ही वाटलंत तर लवकर उरकेल. पहिल्या काळ्या गाडीची काच चार बोटं खाली आली आणि आतून कुणीतरी विचारलं की कातडी शिल्लक आहे का.

"रांगेत या म्हणावं," नुबियाने लोसानोंना सांगितलं.

लोसानोंनी ते तसंच सांगितलं नसावं. पण त्यांनी बाह्या दुमडल्या, टाय शर्टात खोचला आणि ताटल्या पुढे करू लागले. पहिल्या काही जणांकडे त्यांनी पाहिलं नाही. मग एका माणसाने डॉक्टर, थोडे मटार जास्त, असं म्हटलं, आणि त्यांनी घातले. वाटताना चेहरा असा होता की जणू प्रत्येक ताटलीबरोबर कुणीतरी त्यांचं एकेक बोट काढून नेत होतं.

डुक्कर संपलं तेव्हा डब्यात फक्त डोकं उरलं होतं. तेही गव्हर्नरांच्या ड्रायव्हरने नेलं. नुबियाने फळकं वर केलं, मिसाएलने गाडी चालू केली, आणि ताफा तिच्या मागून, तिच्याच वेगाने, सावकाश चौकात शिरला. बँडवाल्यांना पहिली गाडी कुणाची हे कळलं नाही. त्यांनी तिला पाहून वाजवायला सुरुवात केली.

भाषणं झाली, मानपत्र दिलं गेलं. ती ऐकायला थांबली नाही. कोपऱ्यावर भाताची शितं सांडली होती, ती तिने झाडली. टेबल आरासेली घेऊन गेली होती, तेव्हा तिने रिकामा डबाच उलटा टाकला. विकायला काही नव्हतं. मिसाएल म्हणाला, ताई, आता चल घरी, आज इथे काय करणार.

"बसणार," ती म्हणाली.

आणि बाजार उठेपर्यंत ती त्या उलट्या डब्यावर बसून राहिली, हात मांडीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढच्या रविवारची वेळ सांगत.